सालबाईचा तह आणि मंगळवारची पाळी

आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून एक कागद लिहिणे चालू आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे पिंपळगावात लिहिण्याची किरकोळ कामे आमच्याकडे येतच असतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीच्या चेअरमनच्या सत्काराचे मानपत्र, दशक्रिया विधीच्या निमंत्रणातल्या चार ओळी, एखाद्या द्राक्षबागाईतदाराच्या एकसष्टीचा गौरवलेख, हे सारे आम्ही विनातक्रार लिहून देतो. वाटणीच्या तडजोडीचा मसुदा मात्र आजवर कोणी मागितला नव्हता. तो मागितला गेला तोही घरातूनच. वकील म्हणाले, कायद्याची भाषा मी घालीन, पण काय ठरले ते आधी तुम्ही तुमच्या शब्दांत लिहून आणा. त्यावर सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. "घरात दोन दोन एम.ए. असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं?" असे अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे.

हा कागद दुसरा. पहिला १९९६ सालचा आहे आणि तो मोडला म्हणूनच दुसरा लिहावा लागतो आहे.

आजोबांच्या मागे साडेअकरा एकर जमीन, एक विहीर आणि दोन मुलगे राहिले. थोरले अण्णा आणि धाकटे तात्या. त्या काळात आमच्या भागात द्राक्षाने काहींना उभे केले आणि काहींना झोपवले. अण्णा पहिल्यांत होते, तात्या दुसऱ्यांत. लागोपाठ दोन वर्षे अवकाळी पावसाने तात्यांचा माल गेला, कर्ज थकले, आणि एके दिवशी त्यांनी भावाला न विचारता विहिरीलगतच्या तुकड्याचे साठेखत एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला करून दिले. वाटणी झालेली नव्हती, जमीन सामाईक होती. तो व्यापारी चार माणसे घेऊन बांधावर आला तेव्हा जे घडले ते येथे सांगण्यासारखे नाही. दोन वर्षे भाऊ बोलत नव्हते. शेवटी अण्णांचे मेहुणे, म्हणजे मामा, मध्ये पडले. व्यापाऱ्याचे पैसे अण्णांनी चुकते केले. खालची काळी जमीन अण्णांकडे राहिली, वरची चार एकर मुरमाड जमीन तात्यांना मिळाली, शिवाय अण्णांनी दहा वर्षे दर हंगामाला ठरावीक रक्कम तात्यांना द्यावी असे ठरले. विहीर सामाईक, तात्यांची पाण्याची पाळी दर मंगळवारी. खाली दोघा भावांच्या सह्या आणि हमीदार म्हणून मामांची. जो पक्ष कागद मोडील त्याच्या विरुद्ध आपण उभे राहू, असे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते.

हा जुना कागद टेबलावर ठेवून आम्ही पहिल्या रात्री बसलो आणि आमच्यापैकी एकाच्या तोंडून सहज निघून गेले, "हा तर सालबाईचा तह आहे."

आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हेत. आमचा इतिहासाशी संबंध बखर वाङ्मय शिकवण्यापुरता, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ सालच्या 'भाऊबंदकी' या नाटकापुरता. पण उत्तर पेशवाई आमच्या गावाच्या आसपास इतकी सांडलेली आहे की तिच्यापासून सुटका नाही. उत्तरेला धोडप आहे, जेथे १७६८ साली माधवरावांनी आपल्या काकांचा, राघोबादादांचा, पराभव करून त्यांना पकडले. महामार्गाने तसेच पुढे गेले की चांदवडला होळकरांचा रंगमहाल. नाशिकला आनंदवल्ली. दक्षिणेला निफाड-येवल्यावरून दोन तासांत कोपरगाव. आणि अगदी शेजारी आहेरगाव, जेथे पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हाती सापडले. (आमच्या कालव्याचे पालखेड मात्र बाजीरावांच्या लढाईचे पालखेड नव्हे. ते वैजापूर तालुक्यात आहे. दर वर्षी निदान एक विद्यार्थी निबंधात पालखेड धरणावर निजामाला कोंडतो.)

साम्य ओढूनताणून आणलेले आहे काय? थोडे आहे. एका घरच्या साडेअकरा एकरांची तुलना सात वर्षांच्या युद्धाशी करणे हास्यास्पद ठरू शकते, याची आम्हाला जाणीव आहे. पण ते युद्धही एका घरातूनच निघाले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे काका राघोबादादा गादीवर आले. कारभाऱ्यांनी एकजूट करून त्यांना दूर सारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांना मरणोत्तर पुत्र झाला, तो सवाई माधवराव, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावाने राज्य चालू लागले. हताश झालेल्या राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. विहिरीलगतचा तुकडा बाहेरच्याला लिहून दिला, म्हणा ना. त्यानंतर कलकत्तेकरांनी मुंबईकरांचा तह अमान्य करून १७७६ साली पुरंदरचा तह केला, तोही टिकला नाही. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजी फौज पुण्यावर चालून आली आणि वडगावला कोंडीत सापडून शरण गेली. तेथे झालेला करार इंग्रजांनी झुगारला. १७८० मध्ये गॉडर्डने अहमदाबाद आणि वसई घेतली, पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. नाना फडणिसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध मोट बांधली आणि हैदर कर्नाटकात घुसला. गॉडर्डला १७८१ साली बोरघाटातून मागे फिरावे लागले, तर उत्तरेत महादजी शिंदे यांना इंग्रजांनी हैराण केले. दोन्ही बाजू दमल्या. इंग्रजांचे हात तर चहूकडे अडकलेले होते. अमेरिकेतल्या वसाहती हातच्या जात होत्या, फ्रेंच समुद्रावर होते, हैदर मद्रासच्या वेशीपर्यंत येऊन गेला होता. अशा वेळी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या खेड्यात, महादजींच्या छावणीत, १७ मे १७८२ रोजी कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी यांच्यात तह झाला. त्याची सतरा कलमे आहेत.

या तहाबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. ती येथे मांडतो, कारण मसुद्यावरचा आमचा मतभेदही त्याच रेषेवरून जातो.

एक मत असे. सालबाई हा त्या शतकातला मराठ्यांनी केलेला सर्वांत शहाणपणाचा तह. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जे जे घेतले ते परत करायचे होते. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेली वसई त्यामुळे परत आली. साष्टी आणि मुंबईजवळची तीन लहान बेटे गेली हे खरे, भडोच गेले हेही खरे, पण ती सारी युद्धाच्या आरंभीच गेलेली होती. राघोबादादांना इंग्रजांनी यापुढे आश्रय देऊ नये, पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडून इतर युरोपियनांना पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, फत्तेसिंग गायकवाडांचा मुलूख पूर्ववत राहावा, अशी व्यवहारी कलमे आहेत. कोणाची मानखंडना नाही, खंडणीचा बोजा नाही. आणि तह टिकला. १७८२ पासून १८०३ पर्यंत मराठे आणि इंग्रज एकमेकांशी लढले नाहीत. वीस वर्षे! त्या काळात हिंदुस्थानात कोणता तह वीस वर्षे टिकला? या वीस वर्षांत महादजींनी दिल्लीचा कारभार हाती घेतला, १७८४ च्या अखेरीस बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लक हे पद मिळवले. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. गावोगाव पेरण्या झाल्या, हे इतिहासात लिहिले जात नाही, पण झाल्या असणारच.

दुसरे मत थोडे कडवट आहे. तहाने मित्राला उघड्यावर सोडले. हैदर हा मराठ्यांचा जोडीदार म्हणून लढत होता, आणि तहातल्या एका कलमाने त्यालाच सांगितले की सहा महिन्यांत घेतलेला मुलूख परत कर. ज्याची सही नाही त्याच्यावर कलम घालणे ही गंमतच आहे. नानांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्यांना ते बोचत होते. त्यांनी मंजुरी लांबवत नेली. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला, त्यानंतरच फेब्रुवारी १७८३ मध्ये कागदांची अदलाबदल पूर्ण झाली. टिपूने त्या कलमाला भीक घातली नाही. त्याने १७८४ साली मंगळूरला इंग्रजांशी आपला स्वतंत्र तह केला. सालबाईने इंग्रजांना जे दिले ते मुलखात मोजता येत नाही. त्यांना वेळ मिळाला, आणि एकेकाशी एकेकदा लढण्याची मुभा मिळाली. पुढे १७९० ते १७९२ च्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने टिपूशी लढले, १७९९ साली टिपू संपला, आणि मग चार वर्षांत पाळी कोणाची आली हे सर्वांना ठाऊक आहे. शांततेची वीस वर्षे दोन्ही पक्षांना सारखीच मिळाली होती.

हमीदाराबद्दल मात्र आमचे दोघांचे एकमत आहे. सालबाईचे सर्वांत मोठे बळ महादजी होते आणि सर्वांत मोठा दोषही तेच. तहात ते पेशव्यांचे मुखत्यार आहेत आणि त्याच वेळी दोन्ही पक्षांचे जामीन. जो पक्ष तह मोडील त्याला आपण वठणीवर आणू, असे कलमच आहे. जामीन असा असावा की त्याच्यापाशी फौज आहे, दोघांना त्याची भीती आहे आणि तह टिकण्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे. ही तिन्ही लक्षणे महादजींच्या ठायी होती, म्हणून तह उभा राहिला. परंतु त्याच कारणाने इंग्रजांनी पेशव्यांच्या एका सरदाराला दोन सत्तांच्या मधली तिसरी सत्ता म्हणून मान्यता दिली. ऑक्टोबर १७८१ मध्ये कर्नल म्यूरशी महादजींचा वेगळा समझोता आधीच झालेला होता. सालबाईनंतर भडोच हेस्टिंग्जने महादजींना दिले. वडगावला त्यांनी इंग्रजांशी सौजन्याने वागल्याबद्दलची ती बक्षिसी होती. अशा रीतीने जामिनाच्या पदरात मोल पडले. मराठमंडळाचा धागा येथे उसवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तो आधीच विरला होता, पण येथे त्याला इंग्रजांची नोंद मिळाली. आणि महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले तेव्हा जामीनही गेला. त्यांच्या जागी कोण, याबद्दल सतरा कलमांत काही नाही.

आमच्या मामांचे असेच झाले. ते भले गृहस्थ होते, त्यांचा शब्द दोन्ही घरांत चालत असे. दोन-तीन वर्षांनी त्यांनी अण्णांची खालची दोन एकर खंडाने करायला घेतली. त्यात गैर काहीच नव्हते, पण त्यानंतर मंगळवारबद्दल ते बोलेनासे झाले. पाणी त्या दोन एकरांनाही लागतच होते.

आता मंगळवार.

कागदात लिहिले आहे, 'दर मंगळवारी.' १९९६ साली हे पुरेसे वाटले असावे. पुढे भारनियमन आले, शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळू लागली. ज्या आठवड्यात मंगळवारची वीज रात्री दहाला येई, त्या आठवड्यात तात्यांच्या घराला दोन तास पाणी मिळे. कारण बारा वाजता मंगळवार संपतो. इंग्रजी तारखेप्रमाणे संपतो. आपल्या पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे संपूर्ण रात्र तात्यांची. कागदात यांतले काहीच नाही. तात्या १९९९ साली वारले होते. त्यांचा मुलगा, आमचा चुलतभाऊ, कागद झाला तेव्हा आठ वर्षांचा होता. भारनियमनाच्या दिवसांत तो सोळा-सतरा वर्षांचा झाला होता आणि बॅटरी घेऊन विहिरीवर बसत असे. बारा वाजले की आमच्या बाजूचे कोणीतरी जाऊन कॉक फिरवी. सुटीत घरी आलेल्या आमच्यापैकी एकानेही तो फिरवलेला आहे. दोनदा. चुलतभाऊ काही बोलला नाही, बॅटरी विझवून उठला आणि वर निघून गेला. त्या वर्षी त्याचा उन्हाळ कांदा अर्धा करपला. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो आणि वर्गात शब्दाच्या अनेकार्थतेवर व्याख्यान देत होतो.

त्याने पुढे दावा लावला, तेव्हा सगळे घर म्हणाले की मुलगा बापावर गेला.

बाजीरावाबद्दल, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाबद्दल, असेच म्हटले जाते. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुद्दाम कोपरगावला गेलो. येवल्यापर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे, मग गोदावरी. पुरंदरच्या तहात राघोबादादांनी राहण्याचे ठिकाण म्हणून कोपरगावच नेमलेले होते, सालबाईनंतर ते खरोखरच तेथे आले. त्यांच्यासंबंधीच्या कलमात काय आहे? ठिकाण निवडायला चार महिन्यांची मुदत, त्यानंतर इंग्रजांची मदत बंद, आणि ते आपण होऊन शिंद्यांकडे येऊन शांतपणे राहिले तर पेशव्यांनी दरमहा पंचवीस हजार रुपये द्यावेत. रक्कम उदारच म्हणायला हवी. पण दादा डिसेंबर १७८३ मध्ये, आल्यावर काही महिन्यांतच, वारले. मागे आनंदीबाई होत्या, दत्तक पुत्र अमृतराव होते, नऊ वर्षांचा बाजीराव होता, आणि मार्च १७८४ मध्ये आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव चिमाजी. ज्यांनी वसई घेतली त्यांचेच नाव या पोराला पडावे, हा दैवाचा खेळ.

या मुलांचे काय करायचे, हे तहात नाही. कोणाला लिहावेसे वाटले नसणार. भांडण राघोबादादांचे होते, ते मिटले. नाना फडणिसांसारख्या हिशेबी माणसाने मुलांच्या प्रश्नावर पहारा हे उत्तर काढले. कोपरगावला दहा वर्षे, मग १७९३ साली नाशिकजवळ आनंदवल्लीला. तेथेच १७९४ मध्ये आनंदीबाई गेल्या, आणि मुलांना जुन्नरला हलवण्यात आले. आनंदवल्ली आज नाशिकच्या महापालिकेत आहे. गंगापूर रस्त्यावर इमारतींची गर्दी झाली आहे, आणि लोक तेथे जातात ते नवश्या गणपतीच्या दर्शनाला. त्या गणपतीचा संबंधही राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या नवसाशी जोडतात. आमच्या विद्यार्थ्यांना आनंदीबाई ठाऊक असतात त्या 'ध'चा 'मा' करणाऱ्या म्हणून. ती आख्यायिकाच आहे. परंतु एक अक्षर बदलल्याचा आळ दोन शतकांहून अधिक काळ ज्या बाईच्या माथी आहे, तिच्या मुलांसाठी एकही अक्षर लिहिले गेले नव्हते, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही, कारण आमच्याही ते लक्षात आलेले नव्हते.

सवाई माधवराव आणि बाजीराव नात्याने पुतण्या आणि चुलत काका, पण वयात जेमतेम नऊ महिन्यांचे अंतर, त्यातही पुतण्याच मोठा. एक शनिवारवाड्यात नानांच्या नजरेखाली वाढत होता, दुसरा कोपरगावला नानांच्याच पहाऱ्यात. दोघांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाल्याचे कळले तेव्हा नानांनी तो तोडला आणि पहारा कडक केला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून गेले. डिसेंबर १७९६ मध्ये, बरीच कारस्थाने होऊन, गादीवर कोण आला? तर पहाऱ्यातला मुलगा. त्याचा कोणावर विश्वास नव्हता. त्याला तो कोणी शिकवलाच नव्हता. १८०० मध्ये नाना वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची तैनाती फौज मान्य करणाऱ्या तहावर त्याने सही केली. ती वसईला. सालबाईने परत मिळवलेल्या त्याच वसईला. बापाने सुरतेला जे केले तेच मुलाने केले, असे म्हणून आपण मोकळे होतो. मधल्या दहा-बारा वर्षांच्या नजरकैदेबद्दल मात्र कोणाला विचारीत नाही.

बाजीराव निर्दोष होता असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. तो दुबळा होता, कपटी होता, आणि पहाऱ्यात वाढलेली सगळीच मुले तशी निपजत नाहीत. आमच्यापैकी दुसरे मत मांडणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे तर असे की इंग्रजांना १८०२ साली बाजीराव मिळाला नसता तर दुसरा कोणी मिळाला असता. असेल. तरीही त्यांना मिळाला तो आपणच कोंडून वाढवलेला होता.

युरोपातले दाखले आपल्याकडे फार झटकन दिले जातात, म्हणून एकच देतो. १९१९ च्या वाटाघाटींत जर्मनीला बसू दिले नव्हते, तिच्या हातात तयार मसुदा ठेवण्यात आला आणि २८ जूनला व्हर्सायला सही घेण्यात आली. त्याच्या एक शतक आधी, नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नाला मात्र पराभूत फ्रान्सचा तालेरां टेबलाशी बसला होता, आणि १८१८ पर्यंत फ्रान्स पुन्हा बड्या राष्ट्रांच्या पंक्तीत आला. दोन्ही तहांचे पुढे काय झाले याची कारणे शंभर आहेत, हे आम्ही जाणतो. आमच्या मनात फक्त मसुदा वाचून दाखवण्याचा मुद्दा राहिला.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही मसुदा घेऊन वर काकूंकडे गेलो. पंचवीसेक वर्षांत त्या घराच्या ओट्यावर आम्ही लग्न-मयताखेरीज बसलो नव्हतो. चुलतभाऊ टोमॅटोच्या क्रेट मोजत होता. "या वहिनी, बसा दादा," म्हणाला आणि मोजतच राहिला. आम्ही वाचू लागलो. जमिनीचे गट क्रमांक, विहिरीतला निम्मा हिस्सा, जुन्या रकमेची थकबाकी. दहापैकी तीन वर्षांची रक्कम अण्णांनी दिलेली नाही, हे मसुद्यात लिहायला अण्णांचा विरोध होता, पण आम्ही ते लिहिले आहे. काकू शेंगा फोडीत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "मागचा कागद झाला तेव्हा मी इथंच व्हते. तुमच्या मामांना, पंचांना, सगळ्यांना च्या दिला. कुणी वाचून नाही दाखवला. त्याच्यात माझं काय लिहिलं व्हतं?"

आम्ही जुना कागद काढून पाहिला. त्यांचे नाव कोठेच नव्हते. मुलाचेही नव्हते, मुलीचा तर प्रश्नच नव्हता. '२००५ च्या दुरुस्तीनंतर आता ताईचीही सही लागेल,' असे वकिलांनी आम्हाला सांगितले होते, ते आम्ही काकूंना सांगितले.

"मग तिला बोलवून घ्या," काकू म्हणाल्या. "तिच्या माघारी नको. आन हे मामांच्या जागी कोण?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. आमचे नाव सुचवण्यात आले होते, पण खालची जमीन पुढे आमच्याच वाट्याला यायची आहे. तो जामीन महादजींसारखाच होईल. चुलतभावाने त्याच्या एका मित्राचे नाव सांगितले, ते अण्णांना पसंत नाही. वकील म्हणतात, कोर्टात नोंदवलेल्या तडजोडीला जामीन लागतच नाही. काकूंना ते पटलेले नाही. आम्हालाही पूर्ण पटलेले नाही, कारण रात्री बारा वाजता विहिरीवर कोर्ट नसते.

पाळीचे कलम आम्ही तीनदा लिहिले. पहिल्यांदा 'मंगळवारी सूर्योदयापासून बुधवारच्या सूर्योदयापर्यंत' असे लिहिले आणि स्वतःवर खूश झालो. ते वाचून दाखवल्यावर चुलतभाऊ क्रेट ठेवून जवळ आला. तासांवर लिहा म्हणाला, वारावर नको. वीज जितके तास येईल त्यातले निम्मे तास. आम्ही तसे लिहिले. त्या रात्री त्याचा फोन आला. लग्न-मयताखेरीज त्याने केलेला हा पहिलाच.

"दादा, उद्या सोलर पंप बसवला तर लाइटीचे तास धरायचे कसे? तेही लिहून टाका."

आमच्यापैकी एकाने फोन स्पीकरवर टाकला, दुसरीने वही उघडली, आणि त्याला म्हटले की सावकाश सांग, लिहून घेतो.